पाण्याखालील पहिला श्वास

आमच्या वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा मजकडे मराठी विभागासाठीं लेख मागितला आणि विषय निवडण्याचें माझ्यावरच सोंपविलें. मल्लखांब, कवायत व आट्यापाट्या यांविषयीं या पृष्ठांत पूर्वीं पुष्कळ येऊन गेलें आहे. म्हणून गेलीं कांहीं वर्षें ज्या विद्येनें माझें मन वेधलें आहे तिजविषयीं, म्हणजे पाण्याखालीं श्वास घेत राहण्याची विद्या नवशिक्यास कशी शिकवावी याविषयीं, चार शब्द लिहितों. पिंपरी-चिंचवड व चाकण हा कारखान्यांचा मुलूख. येथून समुद्र घाटापलीकडे. अशा ठिकाणीं समुद्राच्या तळाचें शिक्षण कशास हवें, असें कोणी विचारील. परंतु पवना, इंद्रायणी व भामा या नद्या आपल्या उंबऱ्याशीं वाहतात, आणि कामधंद्यासाठीं जेथें नदी उन्हाळ्यांत आटते अशा दूरदूरच्या गांवांहून येथें आलेल्या पुष्कळ कुटुंबांस पाण्याची ओळखच नसते. पावसाळा आला कीं वर्तमानपत्रांत जें वाचावें लागतें तें वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

पोहणें शिकविण्याची आपल्या इकडील रीत जुनी आहे. मुलाच्या पाठीस वाळलेला भोपळा बांधावा. भोपळा नसल्यास पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचा बिंडा, तोहि न मिळाल्यास झांकण घट्ट लावलेला पत्र्याचा डबा. कमरेस दोर लावून त्याचें टोक विहिरीच्या कांठावर चुलत्याच्या हातीं द्यावें, व मुलास पायरीवरून खुशाल लोटून द्यावें. थोड्याच दिवसांत भोपळा सुटतो. मावळांतील व खेडकडील किती तरी गृहस्थ याच रीतीनें शिकले, आणि तिला मी नांवें ठेवीत नाहीं. तिच्यांत एक शहाणपण आहे. दोर धरणारा माणूस घरचा असतो. मुलाचा भरंवसा दोरावर नसून दोर धरणाऱ्यावर असतो. पण त्या विहिरींत मिळणारा पहिला धडा असा: श्वास कोंड, तोंड मीट आणि वर ये. पोहणाऱ्यास हा धडा तारतो. स्कूबा शिकणाऱ्यास तोच घातक ठरतो.

हें कसें, तें सांगण्यापूर्वीं यंत्राविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. १९४३ सालीं, महायुद्ध चालू असतां, फ्रान्समध्यें कूस्तो या नाविक अधिकाऱ्यानें व गान्यां या इंजिनिअरानें हें श्वासयंत्र सिद्ध केलें. त्यांतील झडपेची मूळ कल्पना मोटारीची होती. युद्धकाळीं पेट्रोलची टंचाई पडून मोटारी गॅसवर चालविण्याची वेळ आली, तेव्हां इंजिनास लागेल तेवढाच गॅस पुरविणारी एक झडप गान्यां यानें तयार केली होती. पुढें इंजिनाच्या जागीं माणसाचें फुप्फुस आलें, एवढाच काय तो फरक. मोटारी घडवून पोट भरणाऱ्या आपल्या मुलुखास ही हकीकत ऐकून गंमत वाटावी. सिलिंडरमध्यें हवा सुमारें २०० बार दाबानें भरलेली असते. मोटारीच्या टायरमध्यें ती दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज करावा. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांनीं उतरवितो, आणि भोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल नेमक्या तेवढ्या दाबाची हवा तोंडांत देतो. भोसरीच्या एखाद्या कारखान्यांत कॉम्प्रेसरवर काम केलेल्या मुलास हें एका वाक्यांत समजतें. पुस्तकी मुलास अर्धा तास लागतो, आणि मग तो मला बारचें पास्कलमध्यें रूपांतर करून दाखवितो.

आतां तो घातक धडा. पाण्यांत दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर घेतलेला श्वास वर आणला तर त्याचें आकारमान दुप्पट होतें. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं मांडलेला हा नियम आपण पदार्थविज्ञानाच्या तासास पाठ करतों, व परीक्षा झाली कीं विसरतों. येथें विसरून चालत नाहीं. विहिरींत बुडी मारणारा मुलगा वरची हवा छातींत घेऊन खालीं जातो. ती खालीं आंखडते व वर येतांना पूर्ववत् होते, त्यास कांहीं इजा होत नाहीं. पण खालीं श्वास घेऊन, तो छातींत कोंडून जो वर येईल त्याचें फुप्फुस फाटूं शकतें. आणि त्यासाठीं फार खोलहि जावें लागत नाहीं, भरल्या छातीनें दीड-दोन मीटर वर येणेंहि धोक्याचें असतें. म्हणून या विद्येची पहिली आज्ञा, श्वास कधींहि रोखूं नये. दहाहि आज्ञा मोडणारे विद्यार्थी मीं शाळेंत पाहिले आहेत. ही एक मात्र मोडूं देत नाहीं.

यामुळें एक चमत्कार घडतो. विहिरींत वाढलेला, सुळकी मारणारा, आपल्या गांवांत पट्टीचा पोहणारा म्हणून गाजलेला मुलगा या शिक्षणांत आरंभीं मागें पडतो. त्याच्या हाडींमाशीं मुरलेली संवय उलटी करावी लागते. ज्यास थोडेंसेंच पोहतां येतें व जो पाण्याशीं नम्रतेनें वागतो, तो लौकर तयार होतो. अर्थात् मुळींच न पोहणाऱ्यास मी घेत नाहीं. १९६६ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या पॅडी या संस्थेच्या प्रमाणपत्रासाठींहि २०० मीटर पोहून जाणें व १० मिनिटें पाण्यावर तरंगत राहणें ही अट आहे, व ती रास्तच आहे.

येथें माझा अधिकार किती तें स्पष्ट केलेलें बरें. मी स्वतः या विद्येचा प्रमाणित शिक्षक नाहीं. मालवणच्या किनाऱ्यावर शिकून मीं विद्यार्थ्याचें प्रमाणपत्र मिळविलें, आणि तेव्हांपासून पावसाळा सरल्यावर दरवर्षीं चार-पांच मुलांची तुकडी तिकडे नेतों व तेथील प्रमाणित शिक्षकांच्या हाताखालीं पडेल तें काम करतों. सिलिंडर पाठीवर चढतो तो तेथें. त्यापूर्वीं दोन महिने मुलांची पूर्वतयारी मात्र मी येथें, एका खासगी तलावाच्या मालकांनीं कृपाळूपणें दिलेल्या रविवार दुपारच्या वेळीं, करून घेतों. तेव्हां आमच्याजवळ मास्क, श्वासनळी व पायांत घालावयाचे फिन्स एवढेंच साहित्य असतें. माझें मत असें, कीं शिक्षणाचा मोठा भाग या साध्या साहित्यांतच आटोपतो.

आरंभ कमरेएवढ्या पाण्यांत, उभें राहून. मुलानें नळी तोंडांत धरावी व पाण्याबाहेरच नुसता श्वास घ्यावा. नाकानें श्वास घेण्याची जन्माची संवय तोंडाकडे वळविणें हें पहिलें काम. मग चेहरा पाण्यांत. नवशिक्या येथें घेतच सुटतो. आंत, आंत, आणखी आंत. छाती भरलेली, तरी त्यास वाटतें हवा पुरत नाहीं. हवा पुरत असते. वापरलेली बाहेर टाकलेली नसते. म्हणून मी श्वास घेण्यास शिकवीत नाहीं, सोडण्यास शिकवितों. सकाळच्या प्रार्थनेंतील एखाद्या स्तोत्राची चाल नळींतून गुणगुणावयास लावतों. गुणगुणतां गुणगुणतां श्वास आपोआप लांबतो, आणि जो गुणगुणतो त्यास श्वास कोंडतां येत नाहीं. आमच्या शाळेंतील मुलें कोणत्याहि धर्माचीं असोत, त्या चाली सर्वांस येतात. माजी विद्यार्थीहि त्या विसरलेले नसतात, सुरांत मात्र कोणी म्हणत नाहीं.

कानांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. खालीं जातांना पडद्यावर दाब येतो. नाक चिमटींत धरून हळूच फुंकर घातली कीं मोकळें होतें. तें दुखूं लागण्यापूर्वीं करावें, दुखूं लागल्यावर नव्हे, आणि पहिल्या दोन-तीन मीटरांत तर वारंवार करावें. कारण दाबामुळें हवेच्या आकारमानांत होणारा सर्वांत मोठा फरक पृष्ठभागाजवळच पडतो. सर्दी झालेल्या मुलास मी कांठावर बसवितों. तो रुसतो. रुसूं द्यावें.

खरी परीक्षा मास्कची. मास्कमध्यें पाणी शिरणारच. तें काढण्याची युक्ति सोपी आहे: मान किंचित् वर, मास्कची वरची कडा बोटांनीं कपाळाशीं दाबून धरावी, नाकानें सावकाश श्वास सोडावा, हवा वर सांठते व पाणी खालच्या कडेनें निघून जातें. सांगावयास अर्धें मिनिट पुरतें. पण ज्या क्षणीं थंड पाणी नाकपुड्यांस लागतें त्या क्षणीं मनुष्याची बुद्धि रजेवर जाते, व तो नाकानेंच श्वास ओढतो. पुढचें ठसका, धडपड, आणि वर पळणें. कित्येक ठिकाणीं हा भाग घाईनें उरकतात. मी शिकलों तेव्हां एका मदतनिसानें माझा मास्क मागून एकाएकीं ओढला होता. धीट करण्याची त्याची ती रीत. माझ्या मतें ती रीत नव्हे. अशानें भीति जात नाहीं, फक्त शिक्षकावरील विश्वास जातो.

या प्रकरणीं मला सर्वाधिक शिकविलें तें एका विद्यार्थ्यानें. आमच्याच शाळेचा, खेड तालुक्यांतील, आतां चाकणला एका कारखान्यांत उमेदवारी करणारा. त्याचा वडील भाऊ नदींत गेला. सांपडण्यास दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत कांठावर उभ्या असलेल्या या मुलानें मनाशीं ठरविलें, कीं बुडालेल्यास शोधणाऱ्यांत आपण असावें. तो मजकडे आला तेव्हां त्यास पोहतां बरें येत होतें, परंतु घटना घडल्यापासून चेहरा पाण्यांत घालवेना. "सर, तोंड पाण्यांत घातलं कीं भाऊ दिसतो," एवढेंच तो बोलला. मीं त्यास समजुतीच्या गोष्टी सांगितल्या नाहींत. अशा वेळीं समजुतीच्या गोष्टी सांगणाऱ्यासच बऱ्या वाटतात.

आम्हीं तलाव सोडून घमेल्यापासून आरंभ केला. त्याच्या घरच्या अंगणांत घमेल्यांत कोमट पाणी. त्यांत प्रथम हनुवटी, मग ओंठ, मग नाकाचा शेंडा. वेळ तो ठरवील, मी नव्हे. नाक पाण्यांत जाऊन बुडबुडे सोडण्यास अकरा दिवस लागले. त्यापुढें घमेल्यांतील पाणी गार केलें. मग तलाव, मास्कमध्यें प्रथम चमचाभर पाणी, दुसऱ्या रविवारीं पाव मास्क, मग अर्धा. मास्क मुळींच न घालतां नळीनें पूर्ण एक मिनिट श्वास घेण्याचा दिवस आला त्या दिवशीं मीं त्याचा हात धरून ठेविला होता. पेत्र पाण्यावरून चालत असतां वारा पाहून भ्याला व बुडूं लागला, ही शुभवर्तमानांतील गोष्ट आपणांस ठाऊक आहे. तिच्यांतील एक बारकावा शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. प्रभूनें आधीं हात पुढें करून त्यास धरिलें. तूं संशय कां धरलास, हें मागाहून विचारिलें. आपल्यापैकीं पुष्कळ शिक्षक आधीं विचारतात.

पाण्याखालीं शिक्षकास बोलतां येत नाहीं, ही या विद्येची मोठी अडचण व, खरें सांगावयाचें तर, मोठें सुख आहे. सर्व कांहीं आधीं सांगून ठेवावें लागतें. खालीं फक्त करून दाखवावयाचें, तेंहि संथपणें, एकेक हालचाल तोडून. खुणा मात्र नीट पाठ करून घ्याव्या लागतात. आपल्याकडे ठीक आहे म्हणावयाचें असलें कीं लोक अंगठा वर करतात. पाण्याखालीं वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ वर जावयाचें आहे असा होतो. ठीक म्हणण्यासाठीं अंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ करावयाचें असतें. मालवणास हौसेनें आलेले पाहुणे आनंदाच्या भरांत अंगठा दाखवितात आणि तत्काळ वर काढले जातात.

शिवाय ठीक आहे ही खूण कांहीं फारशी विश्वासू नव्हे. भ्यालेला मुलगाहि ती करतो. मित्रांसमोर लाज वाटते. म्हणून मी खुणेपेक्षां बुडबुड्यांकडे पाहतों. ते एका लयींत येत असले तर मन ठिकाणावर आहे. तुटक व दाट येऊं लागले कीं कांहीं तरी बिनसलें आहे. संशय आल्यास मी तीन बोटें दाखवून दुप्पट दाखीव अशी खूण करतों. ज्याचे डोळे भीतीनें विस्फारले आहेत त्यास सहा बोटें मोजतां येत नाहींत. एका शिक्षकाकडे आठ विद्यार्थी चालतात, असा वर उल्लेखिलेल्या संस्थेचा दंडक आहे. आठ जणांचे बुडबुडे एकदम वाचणारा शिक्षक मीं अद्याप पाहिला नाहीं, चार पुरेत.

जाणत्या शिक्षकांत सध्या एक वाद आहे, तो विद्यार्थ्यांस गुडघ्यांवर बसवून शिकवावें कीं तरंगत ठेवून. जुनी रीत अशी, कीं कमरेस शिशाचीं वजनें जरा जास्त बांधावीं, तलावाच्या तळाशीं सर्वांस ओळीनें गुडघे टेकवून बसवावें, व एकेकाकडून मास्क काढणें, रेग्युलेटर तोंडांतून काढून पुन्हां घेणें इत्यादि कृति करवून घ्याव्या. वर्ग शांत राहतो, शिक्षकास सोयीचें पडतें. नवी रीत म्हणते, समुद्रांत गुडघे टेकावयाचे कोठें? खालीं प्रवाळ असतें, सागरी जीव असतात. मालवणचा समुद्र तर १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. गुडघ्यांवर शिकलेला विद्यार्थी समुद्रांत गेला कीं एक तर तळ शोधतो, नाहीं तर सायकल मारल्यासारखे पाय मारीत वरखालीं होतो. म्हणून आरंभापासूनच त्यास अधांतरीं राहण्यास शिकवावें. श्वास घेतला कीं देह किंचित् वर उचलतो, सोडला कीं किंचित् खालीं उतरतो. हें एकदां अंगीं बाणलें म्हणजे हातपाय मारण्याची गरज राहत नाहीं. मी नव्या रीतीच्या बाजूचा आहें. तथापि पहिल्या दिवसाच्या पहिल्या तासास, जेव्हां मुलाच्या पोटांत गोळा उठलेला असतो, तेव्हां पायाखालीं जमीन असलेली बरी. जमीन काढून घेण्याची घाई नको, आणि तिची संवयहि लागूं देऊं नये.

मालवण-तारकर्लीकडे आपल्या कारखान्यांच्या सहली पुष्कळ जातात. तेथें दहा-पंधरा मिनिटें सूचना देतात, मार्गदर्शक पाहुण्याची पाठ धरून त्यास थोडा खालीं नेतो, मासे दाखवितो, छायाचित्र काढतो व वर आणतो. यंत्रावर हात मार्गदर्शकाचाच. यास माझा आक्षेप नाहीं; ज्यानें जन्मांत समुद्र पाहिला नव्हता त्या कामगारानें सिंधुदुर्गाच्या छायेंत रंगीत मासे पाहिले तर वाईट काय झालें? पण परत आल्यावर तो म्हणतो, मी स्कूबा शिकलों. आणि त्याच धिटाईनें पुढच्या आषाढांत धबधब्याखालच्या डोहांत उतरतो. तें शिक्षण नव्हे, दर्शन होय. शिक्षण ज्यास हवें त्यानें क्रमानें जावें: आधीं बंदिस्त पाण्यांतील धडे, मग समुद्रांतील चार बुड्या, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरहि १८ मीटरांची मर्यादा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें २०१५ सालीं तारकर्लीस या विद्येची स्वतंत्र संस्था काढली ती याच हेतूनें.

माझ्या त्या चाकणच्या विद्यार्थ्यानें गेल्या माघांत हा क्रम पुरा केला. समुद्रांतील तिसऱ्या बुडींत मास्क काढून पुन्हां घालण्याची पाळी आली, तेव्हां त्यानें डोळे उघडे ठेविले होते, असें त्याच्या शिक्षकांनीं मला नावेंत सांगितलें. मीं त्यास कांहीं विचारलें नाहीं, तोहि कांहीं बोलला नाहीं; मात्र त्या दिवशीं जेवतांना दोनदां भात मागून घेतला.

परंतु त्यास जेथें जावयाचें आहे तें पाणी निळें नाहीं. तळेगांव-चाकण रस्त्यालगत, संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळें परिचित असलेल्या सुदुंबऱ्यास राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पांचवी तुकडी आहे. २००६ सालीं हें दल उभें राहिलें. २०१४ सालीं माळीण गांवावर डोंगर कोसळला तेव्हां आपल्या लोकांनीं त्याचें काम जवळून पाहिलें. लोणावळ्याकडे व मावळांत स्वयंसेवकांचींहि पथकें आहेत, बुडालेल्यांस शोधण्यासाठीं रात्रीबेरात्रीं धांवून जाणारीं. नद्यांच्या गढूळ पाण्यांत, जलपर्णीच्या खालीं, हात पुढें केला तर हात दिसत नाहीं. तेथें डोळ्यांचें काम बोटें करतात व खुणांचें काम दोर करतो: ठराविक झटके म्हणजे ठराविक निरोप. हौशी प्रमाणपत्र घेऊन तेथें उतरतां येत नाहीं. त्यासाठीं वेगळें व कठीण शिक्षण लागतें, हें मीं त्यास पुन्हांपुन्हां बजावलें आहे. त्यास तें मान्य आहे. उमेदवारी संपल्यावर तो एका पथकांत दाखल होण्याची खटपट करणार आहे.

तोंवर रविवारीं दुपारीं तो तलावावर येतो. मास्कच्या कांचेस आंतून काळा कागद लावून, नळीनें श्वास घेत, पाण्यांत तोंड घालून पालथा तरंगतो, आणि हातांतील दोरास चांचपून गांठी मारतो व सोडतो. कमरेच्या दोराचें दुसरें टोक कांठावर बसून त्याची आई धरते. प्रथम आली तेव्हां ती पाण्यापासून दूर, भिंतीस टेकून बसली होती. दोर धरण्यास दुसरें कोणी नव्हतें म्हणून मीं तो तिच्या हातीं दिला. एक झटका म्हणजे ठीक आहेस ना, दोन म्हणजे ठीक आहें, चार म्हणजे ओढ, असें मायलेकांनीं ठरविलें आहे. ती मिनिटामिनिटास झटका देऊन विचारते. इतक्या वेळां विचारूं नकोस, गांठ सुटते, म्हणून तो वर येऊन कुरकुरतो. ती हो म्हणते आणि पुढच्या मिनिटास पुन्हां दोर हलविते. मी त्या दोघांच्या मध्यें पडत नाहीं.